मुरलेलं सोनं

…तर केसरबाई फरशीवर उकिडव्या बसल्या, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, आधी पंखा बंद करा. काल मी इथपर्यंत आलो होतो आणि जेवायची हाक आली. गोष्ट अर्धी राहिली की मला घास गोड लागत नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायलाच बसलो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. साल अठ्ठ्याऐंशी. जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी सेवक होतो. वाल्मीक सर तिथे पीएच.डी.चं संशोधन करत होते. उंच, काळेसावळे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांच्या हातून सोन्याच्या तारेचा तुकडा पडला होता, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. काचेच्या मोठ्या घंटेखालची हवा काढून घ्यायची, आत तार तापवून सोन्याची वाफ करायची आणि ती वाफ काचपट्टीवर बसवायची, त्यासाठी तो तुकडा. तास झाला, सर आणि मी टेबलाखाली रांगत होतो. बाहेर व्हरांडा झाडायला रोजंदारीवरची एक बाई आली होती. तिने दारातून आमचे दोघांचे पार्श्वभाग पाहिले असणार. आत आली आणि म्हणाली, पंखा बंद करा.

पंखा थांबला. केसरबाईंनी मऊ झाडूने भिंतीकडून मधे, भिंतीकडून मधे, अशी मूठभर धूळ गोळा केली. अंगठा जिभेला लावला आणि त्या धुळीवर टिपकागदासारखा दाबत गेल्या. चौथ्या वेळेला अंगठा वर केला तर तुकडा अंगठ्यावर. त्यांनी तो उजेडाकडे धरून आपल्या अहिराणीत म्हटलं, चोख शे. सर म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? त्यावर त्या नुसत्या हसल्या, कारण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे सगळा जन्म सांगावा लागला असता.

तो जन्म मी पुढे चार वर्षांत तुकड्यातुकड्याने ऐकला. केसरबाई झारेकऱ्यांच्या घरच्या. म्हणजे सराफ बाजारात दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ, सोनारांच्या शेगडीतली राख गोळा करायची, पाटीत धूत धूत हलकं वाहू द्यायचं, आणि तळाशी जे राहील त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. त्यांची आई रुक्माबाई यातली एवढी तरबेज की सोनाराने हात झटकले तर कुठल्या बोटाला सोनं राहिलंय ते सांगायची. केसरबाई सातव्या वर्षापासून आईच्या शेजारी गटाराच्या काठावर बसल्या त्या पंचेचाळीशीपर्यंत. गुडघे गेले. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाशी गाडी जायची वाट पाहत लोक खाली बसत, तर ह्या एकदा बसलं की उठवत नाही म्हणून उभ्या राहत आणि उभं राहवत नाही म्हणून फाटकाला टेकत.

तुकडा सापडला त्याच आठवड्यात सरांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि केसरबाई झाडू सोडून आमच्याकडे आल्या. काम एकच, काचसामान धुणं. रोजंदारीच, पण टेबलाशी उभं राहून, नळ छातीच्या उंचीवर. पहिल्या दिवशी त्या टेबलावरून हात फिरवत राहिल्या. ह्या टेबलाचं मोठेपण काय विचाराल तर, भाऊ, वाकावं लागत नाही, असं मला म्हणाल्या. चार वर्षांत हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. भेटेल त्याला सांगायच्या. धुरपदाबाई म्हणून त्यांची शेजारीण होती, ती डबा द्यायला आली की तिला टेबल दाखवायच्या, जसं काही नवं घर बांधलंय.

आता लाल पाण्याची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सर सोन्याचा एक पिवळा क्षार पाण्यात घालून उकळायला ठेवत. पाणी खदखदायला लागलं की लिंबात जे आम्ल असतं त्याच्या क्षाराचे थेंब टाकत. पहिल्यांदा पिवळेपणा जातो. मग पाणी करडं होतं, मग गढूळ जांभळं, असं वाटतं की बिघडलं. आणि मग, मी किती वेळा पाहिलं तरी माझा श्वास अडकायचाच, अर्ध्या मिनिटात सगळं भांडं डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक. सोनंच ते. फक्त कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील. आता त्याला नॅनोकण म्हणतात, माझ्या नातवाच्या पुस्तकात धडा आहे. तेव्हा सर नुसतं कण म्हणत. ते भांडं खिडकीसमोर धरलं तर लाल दिसायचं, आणि बाजूने उजेड टाकून पाहिलं तर हिरवट. केसरबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मागे सरकल्या. चाळीस वर्षं सोनं धुतलं, सोन्याला असलं लाल कधी पाहिलं नाही, म्हणाल्या. मग सरांना विचारलं, मंग हाई पाणी फेकतस का? सर म्हणाले, एक थेंबही नाही. तिथून त्यांचं सरांवर मन बसलं.

हा रंग येतो कुठून, ते सरांनी मला समजावलं होतं, मी सातवी पास माणूस, पण मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल. सोन्याच्या कणात इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. उजेड पडला की ते सगळे मिळून इकडून तिकडे, इकडून तिकडे, झोका घेतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्या पोरी घेतात तसा. झोक्याची जी चाल, तिचा तो रंग. चाल जलद तर हिरवा, चाल मंद झाली की पिवळा, शेंदरी, लाल. एकटा कण साध्या काचेवर ठेवला, बाजूने उजेड टाकला, तर हिरवा चमकतो.

पण तोच कण सोन्याच्या आरशाजवळ नेला तर? आरशात त्याचं जुळं दिसतं. ते नुसतं दिसत नाही, ओढतंही. झोक्यावरच्या पोरीचे पाय खालून मैत्रिणीने धरावेत तसं. चाल मंदावते आणि हिरवा कण लाल व्हायला लागतो. जितका जवळ तितका लाल. आणि अगदी अंगाला अंग लागलं तर चाल इतकी मंद की तो रंग आपल्या डोळ्याला दिसणाऱ्यातलाच राहत नाही. कण तिथेच असतो, पण विझल्यासारखा.

सरांना हे अंतर बदलत बदलत रंग कसे पळतात ते पाहायचं होतं. अडचण एवढीच की कण आणि आरसा यांच्यामध्ये पदर घालायचा तो किती पातळ? कांद्याच्या पापुद्र्याचे दहा हजार पापुद्रे केले तर त्यातला एक. असला पदर चढवायची यंत्रं परदेशात होती. आमच्याकडे हवा काढायची ती घंटा, एक जुना मायक्रोस्कोप आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलेला प्रोजेक्टरचा बल्ब. डब्याला मी फट पाडली होती, त्यातून आडवा उजेड यायचा. खिडक्यांना काळं कापड लावलं की भर दुपारी अंधार.

सर गुरुवारी आठ काचपट्ट्यांवर सोनं चढवत. एक पट्टी ताजी, घंटेतून काढल्या काढल्या, तिच्यावर लाल पाण्याचा थेंब ठेवत, दहा मिनिटांनी धुऊन टाकत आणि आडव्या उजेडात पाहत. काही नाही. विझलेलं. हे अपेक्षितच होतं, अंगाला अंग. उरलेल्या सात पट्ट्या लाकडी पेटीत. ब्याण्णवच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी सरांनी सहज म्हणून पेटीतली एक पट्टी घेतली, तोच थेंब, तीच दहा मिनिटं, आणि आडवा उजेड टाकला.

मी दाराशी कापड धरून उभा होतो. सर पट्टीवरून डोळे काढेनात, म्हणून मी वाकून पाहिलं. थेंब जिथे बसला होता तिथे रक्तासारखा लाल ठिपका पेटलेला.

शनिवारी पेटीतली दुसरी पट्टी. शेंदरी. सोमवारी केशरी. मंगळवारी पिवळी. बुधवारी हिरवट. अहो, सरांनी आपली लूना मोपेड तिथेच टाकली आणि पायी पिंप्राळ्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले, लूना आहे हे आठवलंच नाही. मला खांद्याला धरून म्हणाले, "गिरधरभाऊ, सोनं मुरतं. लोणचं मुरतं ना, तसं."

पुढचे दोन महिने म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत लग्नघर. दर गुरुवारी नव्या पट्ट्या, दर दिवसाचा रंग वहीत. सरांनी सिद्धांतच मांडला. ताजं सोनं कच्चं असतं, पेटीत दिवस काढता काढता त्याच्या अंगावर काहीतरी घडतं आणि मुरत जाईल तसा रंग बदलतो. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. रविवारी सर स्वतःच्या किल्लीने प्रयोगशाळा उघडून यायचे आणि पट्टी पाहायचे, तर रंग शनिवारचाच. शेंदरी तो शेंदरीच. रविवारी सोनं मुरतच नव्हतं. सर म्हणाले, रविवारी पंखे बंद असतात, हवा हलत नाही, त्याचा परिणाम. मी मान डोलावली. सोन्याला रविवारची सुट्टी असते हे मला त्या वेळी अजिबात विचित्र वाटलं नाही. सरकारी नोकर आहे म्हटलं.

सरांचे मार्गदर्शक धुळ्याचे. आम्ही त्यांना धुळ्याचे मोठे सर म्हणायचो. वाल्मीक सरांनी त्यांना आठ पानी पत्र लिहिलं.

आता भिंतीवरचा नियम. तो आधीच सांगायला हवा होता, पण माझं असंच आहे. नव्वद साली कुणीतरी परीक्षानळ्या राखेने घासल्या आणि ओरखडे पडले, तेव्हा सरांनी पुठ्ठ्यावर लिहून नळावर टांगला होता. केसरबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हाई काय लिखेल शे?" मी वाचून दाखवलं: काचा फक्त शुद्ध पाणी व ॲसिटोन यांनीच धुवाव्यात. साबण, राख, चिंच अथवा अन्य काहीही लावू नये. नियम मोडणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. त्यांनी नीट ऐकलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि म्हणाल्या, "काचनं बठ्ठं समजनं." म्हणजे काचेचं सगळं समजलं.

तेव्हापासून एक काच त्यांनी नियमाबाहेर धुतली नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये संस्थेने ठरवलं की चार वर्षं झालेल्या रोजंदारीच्या माणसांना कायम करायचं. विभागातून शिफारसपत्र पाहिजे. सरांनी केसरबाईंचं पत्र टाइप करून घेतलं. मी वाचून दाखवलं: काम चोख, नियम काटेकोर पाळतात. सही राहिली होती, सर म्हणाले, मोठे सर येऊन गेले की निवांत करू. पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात. केसरबाई रोज त्या खणाकडे पाहायच्या. कायम झालं तर हे टेबल मरेपर्यंत, नाही झालं तर जूनपासून रोजंदारी बंद, आणि मग पुन्हा सराफ बाजार, पुन्हा गटाराचा काठ. त्या गुडघ्यांनी.

मे महिन्यात आखाजी आली. केसरबाईंची मुलगी कमल, साक्रीकडे एका खेड्यात दिलेली. आखाजीला लेक माहेरी येणार, झोका बांधायचा, सांजोऱ्या करायच्या. केसरबाईंनी आठ दिवसांची रजा मागितली. चार वर्षांत पहिली. सरांनी हसत दिली.

आणि त्या आठवड्यात सोनं मुरायचं थांबलं.

शुक्रवार, विझलेलं. शनिवार, विझलेलं. सरांनी लाल पाणी नवं केलं. बल्ब बदलला. घंटेची रबरी कड बदलली. मंगळवारपर्यंत ते रोज एक पट्टी पाहत राहिले. सहाच्या सहा पट्ट्या मेलेल्या. त्यात धुळ्याहून पोस्टकार्ड आलं: पुढच्या बुधवारी येतो, मुरलेलं सोनं दाखव. सरांनी दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. मग एकदम माझ्यावर आणि भिंतींवर मिळून ओरडले, की कुणीतरी माझ्या सोन्याला हात लावलाय, पेटी उघडलीय, काहीतरी केलंय. जो कोणी असेल तो या प्रयोगशाळेत एक दिवस राहणार नाही. मी म्हटलं, सर, इथे मी एकटाच आहे. ते म्हणाले, मग तू. नंतर माफी मागितली, पण शब्द गेला तो गेला.

गुरुवारी केसरबाई परत आल्या. डब्यात सांजोऱ्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नव्या आठ पट्ट्यांवर सोनं चढवत होते, शेवटची आशा म्हणून. ताजी पट्टी पाहिली, विझलेली, नेहमीसारखी.

शुक्रवारी मी लवकर आलो. किल्ली माझ्याकडे असायची, पण दार उघडं होतं, दुसरी किल्ली केसरबाईंकडे. आत गेलो तर त्या टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या. पुढ्यात त्यांचं पितळी वाटगं, त्यात फिकट पिवळं पाणी, वर थोडा फेस. पेटी उघडी. एक पट्टी कडेने दोन बोटांत धरून त्यांनी त्या पाण्यात बुडवली, बाहेर काढली, उभी धरून निथळू दिली, आणि खिडकीत उन्हात टेकवली. मग दुसरी. मग तिसरी. इतक्या हळुवार की नवजात बाळाला न्हाऊ घालतात तसं.

मी विचारलं, "अक्का, हे काय चाललंय?"

"आंग धोस त्यानं," त्या म्हणाल्या. "रातभर धूळ खायेल शे ना."

वाटग्यात रिठा होता. सोनार दागिना रिठ्याच्या पाण्यात धुतो तो रिठा. दोन फळं त्या रोज कमरेच्या चंचीत आणत.

"रोज करता?"

"रोज. रविवारले नही, रविवारले कॉलेज बंद ऱ्हास." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "सोनं पारोसं ठेवतस का कोणी?"

मी तिथल्या स्टुलावर बसलो. माझ्या सातवीच्या डोक्यात सगळं एकदम उजाडलं. शुक्रवारी एक बुडी, लाल. शनिवारी दुसरी, शेंदरी. रविवारी बुडी नाही, रंग तोच. सोमवार, मंगळवार, बुधवार, एकेक बुडी आणि एकेक पदर. उन्हात कडक वाळून बसलेला रिठ्याचा पापुद्रा, डोळ्याला न दिसणारा, कण आणि आरसा यांच्या मधोमध. सर जो पदर परदेशातल्या यंत्राने चढवू पाहत होते तो ही बाई रोज सकाळी नऊ वाजता पितळी वाटग्याने चढवत होती. मला हसू येत होतं आणि सरांचं ओरडणंही आठवत होतं. त्यांना मी सगळं सांगितलं. झोका, मैत्रीण, जुळं, पदर. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी एकच विचारलं, "मंग सरनं काम मी बिघाडं का सुधारं?"

मला अजूनही दोन्ही म्हणावंसं वाटतं.

मी त्यांना सल्ला दिला, आणि तो सल्ला दिल्याची मला आज लाज वाटते, पण जे घडलं ते लिहितो. मी म्हटलं, गप्प राहा. बुधवारपर्यंत रोज बुडी द्या. रंग येतील, मोठे सर खूश होतील, सर सही करतील, टेबल तुमचं. सोनं मुरतं तर मुरू दे. बोललात तर नियम भिंतीवर टांगलेला आहे, आणि परवाच सर काय ओरडले ते सगळ्या इमारतीने ऐकलंय. त्यांनी वाटगं उचलून कपाटात ठेवलं. म्हणाल्या, "बुधवारलोंग देखू."

बुधवारी अकराच्या एसटीने धुळ्याचे मोठे सर आले. बुटके, टक्कल, खादीचा झब्बा, धुळीने भुवया पांढऱ्या. पारोळ्याला बस थांबली तिथे घेतलेली भजी कागदात तशीच. ती आम्हाला वाटली आणि म्हणाले, चला, लोणचं दाखवा.

खिडक्यांना काळं कापड लागलं. सरांनी आठवड्याच्या पट्ट्या ओळीने मांडल्या. मी डब्यातला बल्ब लावला. आणि ओळ पेटली. पहिली विझलेली, मग लाल, शेंदरी, पुन्हा शेंदरी, केशरी, पिवळी, हिरवी. मी हे दोन महिने पाहत होतो, तरी अंगावर काटा आला. मोठे सर एकदम लहान झाले. गुडघे टेकून, टेबलाच्या कडेला हनुवटी लावून, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा पाहत गेले. म्हणाले, "वाल्मीक, असे रंग मी पाहिले नव्हते रे."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी मुरण्याचा सिद्धांत सांगायला सुरुवात केली. मोठे सर ऐकत होते, पण बोट मधल्या दोन शेंदरी पट्ट्यांवर. शनिवार आणि रविवार. सरांनी पंख्याचं सांगितलं. मोठे सर म्हणाले, सोन्याला काय रे पंख्याचं. सोनं मुरत नाही, ते देवळाच्या कळसावर शंभर वर्षं तसंच असतं. मध्ये काहीतरी पदर बसतोय आणि तो रविवारी बसत नाही. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

"रविवारी इथे कोण येत नाही?"

सर म्हणाले, मी येतो. मग माझ्याकडे पाहिलं. मग, हळूच, नळाकडे. तिथे केसरबाई परीक्षानळ्या मांडत होत्या. सरांच्या डोळ्यात आखाजीचे आठ दिवस उभे राहिलेले मला दिसले. ते काही बोलायच्या आत केसरबाईंनी कपाट उघडलं, पितळी वाटगं आणलं आणि टेबलावर, त्या पेटत्या ओळीच्या शेजारी ठेवलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझं नाव निघणार नाही याची ती काळजी होती, हे मला घरी गेल्यावर कळलं.

सर पांढरे पडले. म्हणाले, म्हणजे दोन महिने… आठ पानी पत्र… केसरबाई, तुम्ही… आणि खाली बसले. 

मोठे सर वाटग्याचा वास घेत होते. रिठा, म्हणाले, माझी आई केस धुवायची. मग केसरबाईंना म्हणाले, करून दाखवाल? पेटीत गुरुवारपासूनची एकच पट्टी उरली होती, पण ती रोज न्हालेली. सरांकडे मागच्या आठवड्यातल्या त्या मेलेल्या पट्ट्या होत्या, थेंब न लागलेले कोपरे अजून कोरे. केसरबाईंनी त्यातल्या पाच घेतल्या. एका पट्टीचा कोपरा एकदा बुडवला, दुसरीचा दोनदा, तिसरीचा तीनदा, असं करत पाचवीचा पाचदा, प्रत्येक बुडीनंतर बाहेर उन्हात. मे महिन्याचं जळगावचं ऊन, पापुद्रा वाळायला चिमटीभर वेळ. मी व्हरांड्यातून आत, आतून व्हरांड्यात पळत होतो, वय पन्नास विसरून. मग थेंब. मग दहा मिनिटं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मग कापड ओढलं, बल्ब लावला.

लाल. शेंदरी. केशरी. पिवळी. हिरवी. आठवडा नाही, दिवस नाही, एका दुपारी, एका वाटग्यातून.

मोठे सर टाळ्या वाजवत होते, खरोखर, लहान मुलासारख्या. वाल्मीक सरांना म्हणाले, अरे वेड्या, तुझा सिद्धांत गेला आणि तुझं संशोधन आलं. अंतर बदललं की रंग बदलतो, हेच तुला दाखवायचं होतं ना? आता रिठ्याऐवजी मेणासारख्या आम्लाचे मोजून पदर चढव, पाण्यावर तरंगवून, एकेक रेणूचा. वहीत आधी हिचं नाव लिही. सर रडत होते की हसत होते मला अंधारात कळलं नाही. पुढे त्यांनी तसंच केलं, दीड वर्षात प्रबंध झाला, आणि त्याच्या शेवटच्या पानावर आभारात केसरबाईंचं नाव मोठ्या सरांच्या नावाच्या वर आहे. ते पान मी स्वतः पाहिलंय.

पण त्या दुपारी ते सगळं पुढचं होतं. कापडं निघाली, उजेड आला, आणि सर्वांना भिंतीवरचा पुठ्ठा दिसला. सरांनी खण उघडून पत्र बाहेर काढलं. काम चोख, नियम काटेकोर पाळतात. पेन हातात, टोपण उघडं, पण हात थांबलेला. ते खोटं लिहिणारे नव्हते, हीच त्यांची पंचाईत. केसरबाई टेबलाला दोन्ही हात लावून उभ्या होत्या. मी पाहिलं, बोटं कडेवर घट्ट.

सही सरांनी केली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर रात्री तुम्हाला झोप यायची नाही. एक शब्द न बदलता केली, आणि केसरबाई त्या टेबलाशी पुढे बारा वर्षं उभ्या राहिल्या. पण ती सही झाली ती त्यांचं उत्तर ऐकल्यावर. पेन तसंच धरून सरांनी विचारलं होतं, रागाने नाही, अगदी समजून घ्यायचं म्हणून, की केसरबाई, गिरधरने तुम्हाला नियम दोनदा वाचून दाखवला, शुद्ध पाणी आणि ॲसिटोन सोडून काचेला काही लावायचं नाही, मग तुम्ही तो मोडलात कसा?

केसरबाईंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या:

"सर, भितवर काचनं लिखेल शे, काच मी तशीच धोई. हाई ते सोनं शे ना."